एक कान, दोन आवाज

वाचकहो, भाजी निवडता निवडता आकाशवाणीवरील गाणे ऐकणारी गृहिणी आपण सर्वांनीच पाहिली असेल. तिचे हात आपले काम करीत असतात, डोळे पालेभाजीतील किडके पान हेरीत असतात आणि कान गाण्यात रमलेले असतात. तीन कामे तीन वाटांनी चालतात आणि कोणी कोणाच्या आड येत नाही. निसर्गाने ही सोय इतक्या मुकाट्याने करून ठेविली आहे, की तिची आठवणही सहसा कोणाला होत नाही. ज्यांना मात्र डोळ्यांची वाट बंद आहे त्यांना वाचन आणि श्रवण ही दोन्ही कामे एकाच कानावर सोपवावी लागतात. त्यातून पोटासाठी पत्करलेले कामच आवाजाचे असेल, तर त्या एका कानाच्या दारात दोन पाहुणे एकाच वेळी येऊन उभे राहतात. त्यांच्या भांडणाविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

माझी दृष्टी मी बारा वर्षांची असताना गेली. पुढे ब्रेलच्या आणि ध्वनिमुद्रित पुस्तकांच्या आधाराने बी. ए. झाले आणि आज मासिकाच्या कचेरीत अनुवादाचे व संपादनाचे काम करते. मासिकातील काही मजकूर आता ऐकण्यासाठीही तयार करावा लागतो. वाचकाच्या आवाजात मुद्रित झालेला लेख घ्यावयाचा, त्यातील अडखळलेली वाक्ये काढावयाची, लांबलेले विराम आखूड करावयाचे आणि खोकला, खुर्चीची करकर, पान उलटल्याचा आवाज हे सारे निपटून लेख स्वच्छ करावयाचा, असे हे काम आहे. धान्य पाखडण्यासारखेच म्हणा ना!

हे काम मी संगणकावर करते आणि त्यासाठी दोन साधने लागतात. पहिले साधन म्हणजे स्क्रीन रीडर. संगणकाच्या पडद्यावर जे उमटेल ते कृत्रिम आवाजात वाचून दाखविणारी ही योजना आहे. मोटार अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर या अमेरिकन गृहस्थांनी ‘जॉज’ नावाचा स्क्रीन रीडर पुढे आणला, तो १९८९ साली. त्यानंतर २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या तरुणाने ‘एनव्हीडीए’ची रचना आरंभिली आणि त्याचा मित्र जेम्स टे त्याला येऊन मिळाला. दोघेही दृष्टिहीन. त्यांची मैत्री जमली ती लहानपणी, अंध मुलांसाठी भरलेल्या एका संगीत शिबिरात. त्यांचे हे साधन विनामूल्य आहे, आणि आपल्याकडील ज्या विद्यार्थ्याला महागडी साधने विकत घेणे शक्य नाही त्याच्यासाठी या एका गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

दुसरे साधन म्हणजे ध्वनिसंपादनाची योजना. यांपैकी ‘ऑडॅसिटी’ ही सर्वांत परिचयाची. तिचा जन्म अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग हे तिचे जनक, आणि २००० साली ती लोकांच्या हाती आली. हीदेखील विनामूल्यच मिळते. ‘रीपर’ ही दुसरी, अधिक व्यावसायिक योजना. ती दृष्टिहीनांना वापरता यावी म्हणून जेम्स टे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘ओसारा’ नावाची जोड तयार केली. हे नाव प्रथम कानी पडले तेव्हा मला आमच्या गावच्या घराची ओसरी आठवली. मोठ्या वाड्यात शिरण्यापूर्वी टेकण्याची जागा! ओसाराचे कामही काहीसे तसेच आहे.

आता अडचण कोठे येते ते पाहा. डोळस संपादक पडद्यावरील आवाजाची नागमोडी रेघ पाहतो आणि त्याच वेळी ध्वनी ऐकतो. मला ‘आपण कोठे आहोत’ हेही कानानेच कळावयाचे आणि ‘काय म्हटले’ हेही कानानेच कळावयाचे. संपादनाचा आवाज आणि स्क्रीन रीडरचा आवाज बहुधा एकाच साउंड कार्डमधून, एकाच हेडफोनात येतात. एका नळावर दोन बिऱ्हाडे असली की सकाळी काय होते, हे आपणांस ठाऊकच आहे.

या भांडणाचे मोल माणसाला केवढे द्यावे लागते, ते गेल्या वर्षीच्या एका प्रसंगाने माझ्या मनावर कायमचे ठसविले. एका संस्थेने लोकजीवनाविषयीच्या आठवणी मुद्रित करण्याचे काम हाती घेतले होते. ब्याऐंशी वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आपल्या गावच्या बैलपोळ्याच्या, पाणवठ्याच्या, रात्रशाळेच्या आठवणी सांगत होते आणि दूर शहरात बसलेला एक दृष्टिहीन विद्यार्थी संगणकावरील संभाषणातून ते मुद्रित करून घेत होता. मुद्रण पूर्ण झाले. पाठोपाठ गुरुजींना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाणी गेली. पुढे मुद्रण ऐकले तेव्हा गुरुजींच्या आवाजाखाली दुसराच एक आवाज पुटपुटत असल्याचे आढळून आले. तो स्क्रीन रीडरचा आवाज होता. विद्यार्थी मधूनमधून टिपणे घेत होता आणि त्याने दाबलेले प्रत्येक अक्षर यंत्र उच्चारीत गेले होते.

संस्थेतील एका अधिकाऱ्याने निष्कर्ष काढावयास वेळ लाविला नाही. “आंधळ्या मुलाच्या हाती ध्वनिमुद्रण दिले की हे असेच व्हायचे,” असे ते म्हणाल्याचे मला कळले. मुलाचे काम काढून घेण्याची भाषा सुरू झाली. त्याने मला दूरध्वनी केला. “ताई, तुम्ही एकदा ऐकून पाहा. काम गेले तर जाऊ दे, पण गुरुजींचा आवाज माझ्यामुळे बिघडला, हे मला सोसवत नाही,” असे तो म्हणाला. त्या वाक्यातील दुःख आपणांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मुद्रण मी मागवून घेतले. अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारावयाचा असतो: दोष मुद्रणात आहे की केवळ आपल्या कानी पडत आहे? मुद्रण भ्रमणध्वनीवर किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्रावर लावून पाहिले की याचे उत्तर मिळते. तेथेही परका आवाज ऐकू आला तर तो मुद्रणात उतरला आहे. न आला तर दोष आपल्या संगणकाच्या मांडणीत आहे. ही एक चाचणी निम्मे रान साफ करते. येथे मात्र दोष मुद्रणात होता.

दुसरा प्रश्न असा, की परका आवाज कोणत्या वाटेने आत शिरला? वाटा दोनच आहेत. एक हवेतून: कर्ण्यातून किंवा सैल हेडफोनातून निघालेला आवाज मायक्रोफोनने टिपणे. दुसरी संगणकाच्या आतून. विंडोज प्रणालीत ‘वासापी’ नावाची एक व्यवस्था आहे आणि तिच्यात संगणकातून बाहेर पडणारा ध्वनी जसाच्या तसा मुद्रित करण्याची सोय आहे. तिला ‘लूपबॅक’ म्हणतात. दूरच्या माणसाचे बोलणे टिपण्यासाठी ही सोय उत्तम. पण तिला आपपर भाव ठाऊक नाही! त्या साउंड कार्डमधून गुरुजी बोलले तर ती गुरुजींना टिपते, यंत्र बोलले तर यंत्रालाही टिपते. या दोन वाटा ओळखणे अवघड नाही. हवेतून आलेल्या आवाजाला खोलीचा घुमारा असतो. आतून आलेला आवाज कोरडा आणि नितळ असतो. तरीही शंका उरलीच तर मायक्रोफोन बंद करून अर्धा मिनिट मुद्रण करावे. परका आवाज तरीही उमटला, तर वाट आतलीच.

गुरुजींच्या मुद्रणातील पुटपुट अगदी कोरडी होती. म्हणजे मुलाने आवाज बाहेर सांडू दिला नव्हता, हेडफोन नीट लाविले होते आणि जे त्याला शिकविले होते ते सारे त्याने केले होते. दोन्ही आवाज एकाच साउंड कार्डवर ठेवावयाचे आणि त्याच कार्डाचे लूपबॅक घ्यावयाचे, ही मांडणी त्याला संस्थेनेच करून दिलेली होती. डोळस मुलगा तेथे बसला असता, तर त्याच्या संगणकावर आलेल्या सूचनांची टिणटिण त्या मुद्रणात उतरली असती. तेव्हा प्रश्न मुलाच्या डोळ्यांचा नव्हताच. तारांच्या जोडणीचा होता.

त्यानंतरचे तीन आठवडे मी ते मुद्रण निवडीत होते. स्थिर घरघर कमी करणारी जी सोय ऑडॅसिटीत असते, ती येथे निरुपयोगी ठरते. पंख्याचा किंवा विजेचा एकसुरी आवाज तिला ओळखता येतो. बोलता आवाज क्षणोक्षणी बदलतो, म्हणून तो तिच्या हाती लागत नाही. दैव इतकेच चांगले, की मुलगा सभ्य होता. गुरुजी बोलत असताना तो ऐकत असे आणि ते थांबले म्हणजे टिपण करीत असे. त्यामुळे यंत्राची बहुतेक अक्षरे विरामांतच पडली होती. तेथे मी त्याच बैठकीतील निःशब्द क्षणांचा तुकडा आणून बसविला. अगदी शून्य शांतता बसविली तर ती कानाला खड्ड्यासारखी लागते. गुरुजींच्या खोलीतील शांतताच तेथे हवी. काही ठिकाणी मात्र अक्षर शब्दावरच पडले होते. ‘पाणवठा’ हा शब्द एके ठिकाणी अर्धा झाकला गेला होता; तोच शब्द त्यांनी पुढे चार वेळा उच्चारला होता. त्यांतील ज्या उच्चाराचा सूर जुळला तो उचलून मी येथे लाविला. दोन वाक्ये मात्र काही केल्या सुटेनात. ती तशीच ठेविली. गुरुजींच्या तोंडी त्यांचा नसलेला शब्द घालण्यापेक्षा यंत्राचे एक अक्षर ऐकू येणे बरे, असे मला वाटले.

मुद्रणाबरोबर मी संस्थेला एक पत्रही लिहिले. दोषाचे कारण, त्याची चाचणी आणि त्यावरील उपाय त्यात क्रमवार मांडले. उपाय असा. काही शे रुपयांना मिळणारे, यूएसबीच्या खाचेत बसणारे दुसरे साउंड कार्ड घ्यावयाचे. स्क्रीन रीडरचा आवाज त्या कार्डावर पाठवावयाचा आणि संभाषणाचा व संपादनाचा आवाज मूळच्या कार्डावर ठेवावयाचा. मग लूपबॅक केवळ मूळ कार्डाचे घेतले की यंत्राचा आवाज मुद्रणात येण्याची वाटच उरत नाही. दोन गोष्टी तेवढ्या ध्यानात ठेवाव्यात. ऑडॅसिटी सुरू होताना जी कार्डे जोडलेली असतील तेवढीच तिला दिसतात. मागाहून कार्ड जोडल्यास तिला नव्याने शोध घ्यावयास सांगावे लागते. आणि दोन्हीकडे कार्डाची निवड नावानिशी करावी. ‘नेहमीचे कार्ड’ असे मोघम सांगून ठेवल्यास एखादे दिवशी विंडोज त्या नेहमीच्या कार्डाची निवडच बदलते आणि दोन्ही बिऱ्हाडे पुन्हा एका नळावर येतात.

मुलाने त्या मांडणीने दुसऱ्या एका आजीबाईंचे मुद्रण केले. ते स्वच्छ आले. त्याचे काम टिकले. अधिकारीमहाशयांनी पुढे काही म्हटल्याचे ऐकिवात नाही. पण संस्थेने अशी आणखी दोन कार्डे मागविली, हे मात्र खरे.

वाचकहो, आपल्या घरी किंवा शेजारी कोणी दृष्टिहीन मुलगा-मुलगी हे काम शिकत असेल, तर आणखी काही तंटे त्यांच्या वाट्यास येतील. ते आधीच सांगून ठेविते.

पहिला तंटा मौनाचा. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीची ‘असिओ’ नावाची एक पद्धती आहे. विंडोज एरव्ही सर्व योजनांचे आवाज एकत्र मिसळून कार्डाकडे धाडते. असिओ ही मिसळणी टाळून थेट कार्डाशी बोलते, म्हणून तिच्यात आवाजाला उशीर फार कमी लागतो. गायकवादकांना ती त्यासाठीच प्रिय आहे. पण पुष्कळदा अशा वेळी कार्ड त्या एकाच योजनेच्या मालकीचे होऊन बसते आणि स्क्रीन रीडर मुका होतो. वासापीतही असा एकाधिकार मागण्याची सोय आहे. डोळस माणसाच्या समोरचा पडदा अचानक काळा व्हावा, तसा हा प्रसंग असतो. म्हणून काम आरंभिण्यापूर्वीच प्रकल्पाला नाव देऊन तो जतन करून ठेवावा. मग आवाज गेला तरी कंट्रोल आणि एस या कळांनी काम मुकाट्याने जतन होते आणि आल्ट व एफ ४ या कळांनी योजना बंद केली की कार्ड मोकळे होते. पुढे विंडोजच्या ध्वनिविषयक मांडणीत त्या कार्डावरील एकाधिकाराची परवानगी काढून टाकावी. असिओला मात्र ही परवानगी लागतच नाही, तेथे स्क्रीन रीडरसाठी वेगळे कार्ड हाच खरा उपाय.

दुसरा तंटा अतिविनयाचा म्हणता येईल. एनव्हीडीएमध्ये अशी सोय आहे, की यंत्र बोलू लागले की इतर सर्व आवाज हळू व्हावेत. बातम्या ऐकताना ती सोयीची आहे. संपादनात मात्र घातक. लेखातील आवाज मध्येच दबला असे वाटते, आणि दबलेला असतो तो केवळ आपल्या कानात. नवखा संपादक तेथे आवाज वाढवून ठेवितो आणि चांगले मुद्रण उंचसखल होऊन बसते. एनव्हीडीएची कळ, शिफ्ट आणि डी एकत्र दाबून ही सोय बंद करावी आणि मगच कानावर विश्वास ठेवावा.

तिसरा तंटा बिनतारी हेडफोनांचा. यंत्र काही वेळ गप्प राहिले की पुष्कळसे ब्लूटूथ हेडफोन झोपी जातात आणि जागे होताना पुढच्या शब्दाचा आरंभ गिळून टाकतात. ‘नको’ मधला ‘न’ गेला तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको! शिवाय कळ दाबल्यावर आवाज ऐकू येईपर्यंत थोडा काळ लोटतो, त्यामुळे नेमक्या अक्षरावर काप घेणे कठीण होते. आणि त्याच हेडफोनाचा मायक्रोफोन सुरू केला की बहुधा तो साऱ्या ध्वनीला जुन्या दूरध्वनीची कळा आणतो. या कामासाठी तारेचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोनच घ्यावा.

चौथा तंटा बडबडीचा. मुद्रण चालू असताना यंत्राने गप्प बसावे, असे कोणालाही वाटेल. एनव्हीडीएची कळ आणि एस दाबली की बोलण्याचे निरनिराळे प्रकार पाळीपाळीने येतात. त्यांत २०२४ पासून एक नवा प्रकार आला आहे. त्यात यंत्र विचारल्यावाचून बोलत नाही. घरात अशी एक व्यक्ती असावी, असे आपणांसही कधी वाटले असेल! मी मुद्रणाच्या वेळी हाच प्रकार वापरते.

आणि या सर्वांवरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे ब्रेल. लुई ब्रेलने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची ही लिपी सिद्ध केली. आज संगणकाला जोडता येणारी अशी पट्टी मिळते, की जिच्यावर ठिपके आपोआप वर येतात आणि पडद्यावरील ओळ बोटांनी वाचता येते. मग यंत्राला बोलण्याचे कारणच उरत नाही. वाचन बोटांकडे जाते आणि कान संपूर्णपणे माणसाच्या आवाजासाठी मोकळा होतो. ही पट्टी अजून महाग आहे आणि पुष्कळ कुटुंबांना ती परवडणार नाही. परंतु शाळांनी आणि ग्रंथालयांनी ती आणावी, असा आग्रह आपण धरू शकतो. आवाजाची सोय झाली म्हणून मुलांना ब्रेल शिकविण्याचे सोडून देणे किती अदूरदर्शी आहे, हे या एका कामावरूनही ध्यानात यावे.

दोष शोधण्याची एक शिस्त मात्र सर्वच तंट्यांना लागू आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ऐकावे आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. घाबऱ्या माणसाचा हात एकदम चार कळा फिरवितो. मग दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला की पाटी कोरीच असते.

ही सारी खटपट कोणासाठी, असे आपण विचाराल. अंधांना वाचता येईल अशा रूपात पुस्तके तयार करण्याच्या आड स्वामित्वहक्क येऊ नये, यासाठी २०१३ साली मराकेश येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला भारत होता. वाट कायद्याने मोकळी केली आहे. पण ती चालावयाची माणसांनी. मराठीत अजून कितीतरी ग्रंथ आवाजाची वाट पाहत आहेत. ते वाचणारे डोळस स्वयंसेवक मिळतील. पण ते ऐकणारे जे आहेत, त्यांच्याच हातून ते निवडले गेले, तर कोठला विराम कानाला खुपतो आणि कोठला हवासा वाटतो, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

म्हणून एवढेच सांगणे आहे. घरातील दृष्टिहीन मुलाने ‘मला हे काम करावयाचे आहे’ असे म्हटले, तर त्याच्या डोळ्यांविषयी हळहळत बसू नका. बाजारातून एक छोटेसे साउंड कार्ड आणि तारेचा हेडफोन आणून त्याच्या हाती द्या, आणि शेजारी बसून त्याने कापलेले पहिले वाक्य ऐका.